बडोद्याचे ग्रंथगुरू : विल्यम बोर्डन

बडोदे संस्थानाच्या ग्रंथालय चळवळीचा विषय निघाला की श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु महाराजांच्या संकल्पाला ज्यांनी शास्त्रशुद्ध आकार दिला, ते अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन मात्र आज विस्मृतीत गेले आहेत. त्यांच्या कार्याचे स्मरण करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

१८५३ साली जन्मलेले बोर्डन हे कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल होते. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपालांसाठी जी पहिली शाळा काढली, तीत बोर्डन यांनी व्याख्याने दिली होती. ग्रंथपालाचे काम हे शिकविता येण्याजोगे शास्त्र आहे, ही कल्पना त्या काळी नवीन होती. बोर्डन तिच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांपैकी एक होत.

महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे काही वर्षांतच पुसली जातात, हे त्यांच्या दूरदृष्टीने हेरले. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होतीच. म्हणून १९१० साली त्यांनी बोर्डन यांना बडोद्यास बोलावून नव्या ग्रंथालय खात्याची सूत्रे त्यांच्या हाती दिली. राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा खासगी संग्रहही महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकला.

येथे बोर्डन यांच्यातील शिक्षक प्रकट झाला. ग्रंथ राजाच्या औदार्याने मिळतील, इमारत खजिन्यातून उभी राहील. परंतु ती व्यवस्था सांभाळणारी माणसे कोठून आणावयाची? परदेशी तज्ज्ञ जन्मभर येथे थांबणार नव्हता. म्हणून त्यांनी १९११ साली बडोद्यात ग्रंथपालनाचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातील या विषयाच्या पद्धतशीर शिक्षणाचा प्रारंभ याच वर्गापासून मानला जातो. त्यानंतर १९१५ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन यांनी, आणि १९२९ मध्ये मद्रासला डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी असे वर्ग चालविले.

बोर्डन यांनी अमेरिकन पद्धत जशीच्या तशी आणून बसविली नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ड्यूई आणि कटर यांच्या वर्गीकरणांतील तत्त्वांचा मेळ घालून त्यांनी बडोद्यासाठी स्वतंत्र पद्धती सिद्ध केली. १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजी व गुजराती यांबरोबर मराठीतही मजकूर असे, ही आपणा मराठी भाषिकांस विशेष अभिमानाची गोष्ट होय.

खेड्यांतील कामास मोतीभाई अमीन यांनी बोर्डन येण्यापूर्वीच आपल्या परीने हात घातला होता. आता त्यास सरकारी आधार मिळाला. ग्रामस्थांनी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांतपंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावी, असा नियम होता. त्यामुळे ग्रंथालय हे दान न राहता गावाची स्वतःची वस्तू झाली. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके जात.

१९१३ साली बोर्डन स्वदेशी परतले. केवळ तीन वर्षांचा त्यांचा मुक्काम! एरवी असा कर्ता पुरुष निघून गेला की त्याचे काम ओसरते. बडोद्यात तसे घडले नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी धुरा उचलली आणि त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त यांनी ती पुढे नेली. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तरी मध्यवर्ती ग्रंथालय वाचकांच्या सेवेत राहिले.

खऱ्या गुरूची कसोटी तरी हीच नव्हे काय? आपल्यावाचून काम चालावे, अशी तजवीज तो स्वतःच करून ठेवतो. आपल्या कित्येक घराण्यांत पोथ्या व ग्रंथ यांचे संग्रह आहेत. ते जमविणाऱ्यांनी कष्ट केले, पैसा वेचला. पण ते नीट लावणारा, नोंदणारा आणि वाचकाच्या हाती देणारा कोणी पुढे तयार केला नाही, म्हणून त्यांतील बरेच कसरीच्या मुखी पडले. ग्रंथाइतकाच ग्रंथ सांभाळणाराही घडवावा लागतो. बोर्डन यांचे हे ऋण मान्य करावयाचे, तर घरातील एका तरी तरुणाच्या हाती कपाटाची किल्ली आणि नोंदवही एकदम द्यावी.