मिनिमम ड्यूची कुळकथा

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. एक एकूण देण्याचा, धडकी भरवणारा. दुसरा त्याच्या जेमतेम पाच टक्के, परवडेल असा: मिनिमम ड्यू, म्हणजे किमान देय रक्कम. महिनाअखेरीला हात आखडला की नजर दुसऱ्यावर जाते. ती जावी म्हणूनच तो आकडा तिथे आहे.

सुरुवातीच्या कार्डाला हा आकडा ठाऊकच नव्हता. 1950 साली फ्रँक मॅकनमारा यांनी न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब काढला. महिनाभर हॉटेलात जेवायचं आणि बिल आलं की सगळं चुकतं करायचं. क्लबची कमाई होती ती हॉटेलवाल्यांकडून मिळणाऱ्या कमिशनची आणि सभासदांच्या वर्गणीची. ती नुसती उधारी होती, व्याजाचा धंदा नव्हता.

व्याज आलं ते कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात. 18 सप्टेंबर 1958 रोजी बँक ऑफ अमेरिकेने तिथल्या सुमारे 60 हजार लोकांना टपालाने कार्डं धाडली. कुणी मागितली नव्हती, कुणी अर्ज केला नव्हता. पाकीट फोडलं की 300 ते 500 डॉलरची पत हातात. बिल पूर्ण भरलंत तर उत्तम. नाही जमलं तर थोडं भरा, उरलेलं पुढच्या महिन्यात ढकला, त्यावर वर्षाला 18 टक्के व्याज द्या. अशी फिरती उधारी सियर्ससारखी मोठी दुकानं आपापल्या गिऱ्हाइकांना देतच होती. जोसेफ विल्यम्स या अधिकाऱ्याने ती दुकानातून उचलून बँकेत आणली.

विल्यम्स यांचा लोकांवर भलताच विश्वास होता. चार टक्के खाती थकतील असा त्यांचा अंदाज, प्रत्यक्षात थकली 22 टक्के. चोरीची कार्डं, बनावट खरेदी, वसुलीला माणसं नाहीत. बँकेला कोट्यवधी डॉलरची खोट आली आणि 1959 संपता संपता विल्यम्स नोकरी सोडून गेले. कार्ड मात्र टिकलं. त्याचंच पुढे व्हिसा झालं. आणि बँकांना एक गोष्ट पक्की कळली. वेळेवर सगळं फेडणारं गिऱ्हाईक फारसं कामाचं नाही आणि बुडवणारं तर नाहीच. हवं ते मधलं: दर महिन्याला थोडं देणारं, कधीच न सुटणारं.

ग्राहकांच्या बाजूचे कायदे मागून धावत आले, तेही धापा टाकत. सिनेटर पॉल डग्लस यांनी 1960 मध्ये मांडलेली साधी मागणी होती: कर्जाचा खरा वार्षिक दर गिऱ्हाइकाला सांगा. तिचा कायदा व्हायला 1968 उजाडलं. तोवर डग्लस निवडणूक हरून घरी बसले होते. न मागता कार्ड पाठवायला बंदी आली 1970 मध्ये, फ्रेस्नोनंतर बारा वर्षांनी.

तरीही तोवर एक जुना बांध शाबूत होता. अमेरिकेतल्या राज्याराज्यांत व्याजदराला कायद्याची मर्यादा होती. तो बांध फुटला 18 डिसेंबर 1978 रोजी. नेब्रास्कातल्या ओमाहाची एक बँक शेजारच्या मिनेसोटात कार्डं वाटत होती. मिनेसोटात मर्यादा 12 टक्क्यांची, नेब्रास्कात ठरावीक रकमेपर्यंत 18 ची. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की बँक ज्या राज्यातली, त्या राज्याचा दर तिला देशभर लावता येतो. आधार घेतला 1864 च्या बँक कायद्याचा, म्हणजे कार्ड कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हाच्या. महागाईने बेजार झालेल्या सिटीबँकेने मग साउथ डकोटा राज्याशी बोलणी केली, त्या राज्याने व्याजाची मर्यादाच उठवली आणि बँकेचा कार्डविभाग न्यूयॉर्कहून तिथल्या सू फॉल्सला गेला. रोजगारासाठी राज्याने कायदा मोकळा करायचा आणि त्याचं व्याज सगळ्या देशाने भरायचं, असा हा सौदा.

आता दर वाढवता येत होता. मुदत लांबवायची युक्ती अँड्र्यू कार यांच्या नावावर आहे. गणिताचा हा हुशार माणूस बँकांना सल्ले देई. त्यांनी सुचवलं, किमान भरणा पाच टक्क्यांवरून दोनवर आणा. गिऱ्हाइकाला ती सवलत वाटली. हप्ता उतरला आणि कर्ज फिटायला लागणारी वर्षं वाढली.

2009 च्या कायद्याने अमेरिकी बिलावर अखेर एक चौकट आणली. फक्त किमान रक्कम भरलीत तर फेडायला किती वर्षं लागतील, आणि 36 महिन्यांत सुटायचं तर दरमहा किती भरावं लागेल, हे छापणं सक्तीचं झालं. त्याच वर्षी ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ नील स्ट्युअर्ट यांनी दाखवून दिलं की बिलावर किमान रकमेचा आकडा दिसला की, ज्यांना जास्त भरणं शक्य आहे तेही कमी भरतात.

आपल्याकडचा हिशेब मांडून पाहा. 50 हजार थकले, व्याज महिना साडेतीन टक्के. व्याजाचे 1,750, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 315. पाच टक्क्यांनी मिनिमम ड्यू 2,500. त्यातून मुद्दलात जातात 435 रुपये. नवी खरेदी शून्य धरली तरी, ढोबळ मानाने, वर्षभरात साडेअठ्ठावीस हजार भरून मुद्दल उतरतं पाच हजारांनी.

महाराष्ट्राला अशा हिशेबाची ओळख जुनी आहे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्यातून आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने न्यायाधीशाला खतामागे जाऊन सगळा व्यवहार पहिल्यापासून उलगडण्याची मुभा दिली. दामदुपटीचा दंडक तर त्याहून कितीतरी जुना: थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करायचं नाही. उलट 1984 मध्ये बँकिंग कायद्यात आलेलं 21अ कलम सांगतं की बँकेचा व्याजदर अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून कोर्टाने व्यवहार उघडायचा नाही. सावकाराला जे बंधन, ते बँकेला नाही. खरं सांगायचं तर मिनिमम ड्यूपुढे दामदुपटही लुळीच पडते, कारण ती थकलेल्या व्याजाला लागते आणि इथे व्याज दरमहा इमानेइतबारे भरलं जातं.

2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर 30 टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दर हा रिझर्व्ह बँकेचा विषय, असं म्हणून. रिझर्व्ह बँकेने आकड्यात मर्यादा घातलेली नाही. तिच्या निर्देशांत इतर बरंच आहे: न मागता कार्ड दिलं तर आकार परत करून त्याच्या दुप्पट दंड, कार्ड बंद करायला सात कामाच्या दिवसांहून उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये, आणि मिनिमम ड्यू भरूनही मुद्दल वाढत जाईल असा हिशेब करायचा नाही.

म्हणजे भारतात हा आकडा निदान मुद्दल वाढू देत नाही. ते लवकर उतरवण्याची सक्ती मात्र कुणावर नाही. किमान रक्कम भरल्याने लेट फी वाचते, पण बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. बँकेच्या ऑटो-डेबिट अर्जात बहुधा दोन पर्याय असतात: एकूण देणं किंवा मिनिमम ड्यू. तुमच्या अर्जावर कोणत्या पर्यायासमोर खूण आहे, ते आजच बघून घ्या.