लिव्हिंगस्टनचा शेवटचा प्रवास कोणी केला?

नाशिकचा शरणपूर रोड आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. एकोणिसाव्या शतकात शरणपूरला मिशनची वसाहत होती. गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकत, सुतारकाम-लोहारकाम करत. त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणत. आफ्रिकेच्या ‘शोधा’कडे आज आपण त्यांच्या बाजूने बघू.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन शेवटच्या मोहिमेची तयारी करायला मुंबईला आला आणि यांतली नऊ मुलं घेऊन गेला. पुढे १८७२ मध्ये स्टॅन्लेने झांझिबारहून त्याच्याकडे आणखी माणसं पाठवली. त्यांत जेकब वेनराइट होता, तोही शरणपूरचाच.

मे १८७३ च्या सुरुवातीला बांगवेऊलू सरोवराजवळ, चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. जवळ एकही गोरा माणूस नाही. तिथेच पुरून मोकळं होता आलं असतं, तेही रीतसरच झालं असतं. पण चुमा, सुसी आणि इतरांनी देह समुद्रापर्यंत न्यायचं ठरवलं. काळीज झाडाखाली पुरलं. वेनराइटने प्रार्थना वाचली आणि खोडावर नाव कोरलं. देहात मीठ भरून तो दोन आठवडे उन्हात वाळवला, मांजरपाटात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, वरून शिडाचं कापड शिवलं.

मग हजार मैलांहून अधिक पायपीट. उन्यान्येंबेला कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथेच पुरा. यांनी ऐकलं नाही. पुढच्या मुलखातले लोक प्रेत जाऊ देईनात, तेव्हा यांनी काय केलं बघा: ज्वारीची ताटं कापून, कापडात गुंडाळून खोटं प्रेत केलं, आणि ‘पुरायला परत नेतो’ म्हणून ते मागे पाठवलं. नेणाऱ्यांनी ती ताटं रानात फेकून दिली. खरा देह कापडाच्या साध्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे निघाला! वाटा, माणसं, भाषा यांची इतकी जाण असलेल्यांना आपली पाठ्यपुस्तकं ‘हमाल’ म्हणतात.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला, किनाऱ्यावर पोचले. एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं, तेव्हा वेनराइट हजर होता. चुमा आणि सुसी दफनानंतर इंग्लंडला पोचले. लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या रोजनिशीचं संपादन वॉलरने केलं ते या दोघांना विचारून विचारून. पुस्तकाच्या शीर्षकपानावर त्यांची नावंही आहेत. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तांड्यातल्या साठ जणांसाठी पदकं पाडली. ती झांझिबारला पोचेपर्यंत बरेचसे पांगले होते, नव्या मोहिमांची ओझी उचलायला.