दिवे, अडकित्ते आणि इतिहास



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु ज्यांनीं ते तह केले, त्यांच्या घरीं सायंकाळीं कोणत्या घाटाचा दिवा लागत असे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाहीं. त्याचें उत्तर हवें असेल, तर पुण्यास बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जावें.

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथें याच जातीचें एक मोठें संग्रहालय आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटिश फौजेसाठीं बांधलेल्या बराकी १९२२ सालीं आयरिश सरकारच्या ताब्यांत आल्या, त्यांना मायकेल कॉलिन्स या पुढाऱ्याचें नांव मिळालें, आणि १९९७ सालीं तेथें संग्रहालय उघडलें. आयरिश घरांतील चांदीचीं भांडीं, कांचसामान, लांकडी सामान, वस्त्रें आणि १९१६ च्या उठावाचीं स्मृतिचिन्हें आतां त्या एकाच आवारांत आहेत. जेथें परक्यांची कवायत चाले, तेथेंच आपला संसार मांडून दाखवावा, यांत त्या राष्ट्राचा स्वाभिमान दिसतो. मात्र तें काम सरकारनें केलें. पुण्याचें काम एका चष्मेवाल्यानें केलें!

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. ‘अज्ञातवासी’ या नांवानें ते कविता लिहीत आणि चरितार्थासाठीं चष्म्यांचा व्यवसाय करीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा छंद लागला, तो अखेरपर्यंत सुटला नाहीं. राजा नांवाचा त्यांचा मुलगा बालवयांतच गेला. संग्रहास त्यांनीं त्याचें नांव दिलें. पुत्रशोकानें पोळलेलीं माणसें देवळें बांधतात, धर्मशाळा बांधतात. या गृहस्थांनीं व त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनीं दुसऱ्यांच्या घरचे दिवे आणि डबे जतन केले. उतारवयांत केळकरांनीं हा सारा ठेवा महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. १९९० सालीं ते वारले. आज संग्रहांत सुमारे २०,००० वस्तु आहेत. प्रत्यक्ष मांडलेल्या त्यांतल्या थोड्याच, आणि बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या.

अडकित्ताच घ्या. दोन पातीं आणि एक खिळा, एवढ्यावर सुपारी कातरली जाते. पण कोणी त्याचा घोडा केला आहे, कोणी पक्षी, कोणी स्त्रीपुरुषांची जोडी. पान खाणें हा चार लोकांतला व्यवहार, तेव्हां तेथें नक्षीची हौस समजूं शकते. स्नानाच्या वेळीं टांच घासण्याची वज्री मात्र पाहुण्यास दाखवावयाची वस्तु नव्हे. तरी ओतकाम करणाऱ्यानें तिच्याही पाठीवर पक्षी बसविला! घरांतल्या बाईखेरीज तो कोण पाहणार होतें? या एका वज्रीवरून त्या काळच्या घराविषयीं जितकें कळतें, तितकें दहा बखरींतून कळणार नाहीं, असें मला वाटतें. दुःख एवढेंच कीं, त्या ओताऱ्याचें नांव कोठेंच उरलें नाहीं.

गर्दी होते ती मस्तानी महालापाशीं. पहिल्या बाजीरावानें मस्तानीसाठीं कोथरूडास बांधलेल्या वाड्याचे अवशेष आणून हें दालन उभारलें आहे. दोघेंही १७४० सालींच निवर्तलीं. दालन देखणें आहे, यांत शंका नाहीं. पण त्यापुढें थांबलेला मनुष्य स्वयंपाकघराचीं भांडीं न पाहतांच बाहेर पडतो, हें कांहीं बरें नव्हे.

आमच्या विदर्भांतही संग्रहालय नवें नाहीं. नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय, ज्यास लोक ‘अजब बंगला’ म्हणतात, तें १८६३ सालचें. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचीं दारें, तेव्हां त्याचें नांव निराळें होतें, १८७२ सालीं उघडलीं. नागपुरास शिलालेख, नाणीं, शस्त्रें, मूर्ती सर्व आहे. पण राळेगांवासारख्या कापसाच्या मुलखांत घरोघर जें सामान होतें, त्याचें काय झालें? पुष्कळसें मोडींत गेलें. स्टेनलेस स्टील आलें, आणि वाटणीच्या वेळीं पितळेचें वजन करून भाऊ मोकळे झाले. वजनमापांचा १९५६ चा कायदा आला आणि शेर, पायली हीं मापें सरकारदरबारीं बाद झालीं. मोडींत घातलेल्या समईचें पितळ राहतें, घाट राहत नाहीं.

म्हणून आपल्या घरीं अशी एखादी वस्तु उरली असेल, तर ती घांसूनपुसून ठेवण्याबरोबरच तिच्यांत एक चिठ्ठी ठेवा. ती कोणाची, कोठून आली, कोणत्या कामाची आणि घरांत तिला काय म्हणत, हें तींत लिहा. ‘आजीच्या माहेरचा करंडा, कळंबहून आलेला, कुंकू व मेण ठेवण्यासाठीं’ इतकें लिहिलें तरी पुरे.