अपस्मार आणि गंगेची पायरी

काशीला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूला पंचगंगेजवळचा बालाजी घाट परका वाटत नाही. अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने तो बांधला गेला. भोसल्यांचा आणि शिंद्यांचा घाटही तेथून फार दूर नाही. याच घाटावरील बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ यांनी सनईची साधना केली. घाटाच्या पायऱ्या उतरून गंगेत स्नान करणे ही भाविकाच्या दृष्टीने साधी गोष्ट. परंतु अपस्माराच्या रोग्याला तीच पायरी जिवावरची ठरू शकते. झटका आला की क्षणात शुद्ध हरपते आणि मग गुडघाभर पाणीही पुरेसे होते. चरकसंहितेत म्हणूनच बजावले आहे, की अशा रोग्याला पाणी, अग्नी, वृक्ष आणि पर्वत यांपासून सदैव जपावे.

अपस्मार म्हणजे स्मृतीचा लोप. चरकाने त्याचे वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार प्रकार मानले आणि शरीरशोधनानंतर पंचगव्य घृतासारखी औषधे सांगितली. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातही या रोगाचे स्वतंत्र विवेचन आहे. आणि सुश्रुताचा गुरू म्हणजे काशीचा राजा दिवोदास, अशी परंपरा आहे. शास्त्राने हा देहाचा रोग मानला, लोकव्यवहाराने मात्र त्याला बाधा ठरविले. फेफरे आले की रोग्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरायची, हा उपाय आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. श्रेय मिळते चपलेला! या रोगातील भ्रमाचे मूळ येथेच आहे. झटका थांबविल्याचा दावा कोणीही करू शकतो. औषधाची खरी कसोटी, झटका न आलेल्या दिवसांची मोजदाद केल्यावाचून लागत नाही.

ही कसोटी लावण्याइतके औषध माणसाच्या हाती आले ते उशिरा, आणि तेही काहीसे योगायोगाने. 1857 साली लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण सांगितला. त्यामागचा त्यांचा तर्क चुकीचा होता, औषध मात्र उपयोगी ठरले. पण त्याने रोगी सुस्त होई, अंगावर पुरळ उठे. 1912 साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांना आढळले, की झोपेसाठी दिलेल्या फिनोबार्बिटलने झटकेही कमी होतात. 1938 साली अमेरिकेत मेरिट व पटनम यांनी मांजरांवर विजेच्या धक्क्याचे प्रयोग करून, हेतुपूर्वक शोध घेत, फेनिटॉइन पुढे आणले. झटका रोखण्यासाठी रोग्याला गुंगीत ठेवावे लागत नाही, हे त्याने सिद्ध केले. 1963 साली फ्रान्समध्ये इतर औषधे विरघळविण्यासाठी वापरलेले व्हॅल्प्रोइक आम्ल स्वतःच झटके रोखते, असे ध्यानात आले.

औषध पुढे गेले, समाज मागे राहिला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात 1976 साली जी दुरुस्ती झाली, तिने अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांना वेडाच्या पंक्तीला बसविले आणि विवाहाच्या आड आणले. फेनिटॉइनला तेव्हा अडतीस वर्षे होऊन गेली होती! तो उल्लेख 1999 साली वगळण्यात आला. तरीही स्थळ पाहताना हा रोग लपविला जातो. सासरी गेलेली मुलगी गोळ्या लपून घेते, पुष्कळदा बंदच करते, आणि झटका परत येतो. दोष मग औषधाच्या माथी, नाहीतर मुलीच्या नशिबी.

योग्य औषध नियमाने मिळाले तर दहांपैकी सुमारे सात रोगी झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. पण ते नित्यनेमाने घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून, नवस फेडला म्हणून, किंवा यात्रेच्या गडबडीत ते मध्येच सोडणे घातक. कमी करायचे तर वैद्यकीय सल्ल्याने, हळूहळू. नटराजाच्या पायाखाली दडपलेल्या बुटक्या पुरुषाचे नावही अपस्मारच आहे. त्याच्यावरचा पाय देव उचलीत नाही.

बालाजी घाटावर स्नानाला येणाऱ्यांत असा एखादा रोगी आजही असेल. त्याने चार पायऱ्या कमीच उतराव्यात, सोबत कोणीतरी असावे, आणि सकाळची गोळी घेऊनच घराबाहेर पडावे. चरकाची आज्ञा अजून रद्द झालेली नाही. तिला औषधाची जोड तेवढी मिळाली आहे.