वंगणाची राखण

आलापल्लीचा साग आणि ताडोब्याचा वाघ यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं. त्या सागापर्यंत आणि वाघापर्यंत माणसाला नेणाऱ्या चाकांच्या वाट्याला त्या मानाने कमीच शाई आली. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत चाक फिरतं ठेवणं ही सोपी गोष्ट कधीच नव्हती. मुरमाची धूळ, नाल्याचं पाणी, मे महिन्यात ४७ अंशांवर जाणारा पारा आणि वाटेत तोडलेल्या बांबूची टोकदार खुंटं, या सगळ्यांचा मारा शेवटी गाडीच्या सांध्यांवर येतो. इथल्या वाहनांचा इतिहास इंजिनापेक्षा या सांध्यांतून जास्त नीट कळतो.

सुरुवात बैलगाडीपासून करावी लागते. जुन्या चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्ह्याच्या जंगलातलं लाकूड डेपोपर्यंत यायचं ते बैलांच्या आणि काही ठिकाणी हत्तींच्या बळावर. अहेरी तालुक्यातला कमलापूरचा हत्ती कॅम्प ही त्याच लाकूड-वाहतुकीची आजही नांदती खूण. चाकाच्या मधला लाकडी तुंबा आसावर फिरे. गाडीवान ठरावीक दिवसांनी खीळ काढून चाक बाहेर ओढायचा, काळं पडलेलं जुनं वंगण पुसायचा आणि तेलात भिजवलेली चिंधी आसाला गुंडाळून चाक परत चढवायचा. वंगणाचा नळा गाडीखाली टांगलेलाच असे. या सांध्याला झाकण असं नव्हतंच. धूळ आत जाणार हे धरूनच चालायचं, आणि तिच्यावर उतारा एकच, पुन्हापुन्हा वंगण घालणं.

ट्रक आले तरी ही सवय मोडली नाही. बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी १९४५ साली स्थापन झाली आणि गडचिरोलीकडच्या बांबूला मोठं गिऱ्हाईक मिळालं. १९५४ पासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. अशा ट्रकच्या पोटाखालून मागच्या एक्सलकडे जाणारा लांब शाफ्ट ज्या सांध्यांवर फिरतो, त्यांना गॅरेजात ‘क्रॉस’ म्हणतात. क्रॉसला ग्रीस भरण्यासाठी निप्पल असतं. ग्रीसगन लावायची आणि कडेने जुनं, मळलेलं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं. नवं आत गेलं की घाण आपोआप बाहेर पडते. बैलगाडीच्या गाडीवानाला हे काम समजावून सांगावं लागलं नसतं.

खरी अडचण पुढच्या चाकांनी आणली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. युद्ध संपल्यावर महिंद्रा कंपनीने मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत वनखातं, पोलीस, आरोग्य विभाग अशा सगळ्यांच्या दारात जीप उभी राहिली. जीपची चारही चाकं इंजिनाच्या जोरावर फिरू शकतात. पण पुढचं चाक नुसतं फिरून भागत नाही, त्याला वळावंही लागतं. तिथे साधा क्रॉस बसवला आणि शाफ्ट ३० अंशांत वाकला, तर चाकाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी घटतो आणि दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. वळणावर स्टिअरिंग हातात थडथडतं ते त्यामुळे.

यावरचा तोडगा १९२० च्या दशकात निघाला. फ्रान्समध्ये पिएर फेनाय आणि झां-आल्बेर ग्रेग्वार यांनी एक सांधा बनवला, अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पा यांनी दुसरा. झेप्पांच्या सांध्यात सहा पोलादी गोळ्या एका पिंजऱ्यात बसवलेल्या असतात. शाफ्ट वाकला तरी त्या गोळ्या नेहमी दोन्ही शाफ्टांमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, म्हणून वेग दोन्हीकडे सारखा राहतो. सी.व्ही. जॉइंट म्हणतात तो हाच. त्याचे खाचे इतके नेमके घासलेले असतात की वाळूचा एखादा कणही आत गेला तर तो गोळ्यांना कुरतडत राहतो. शिवाय याला निप्पल नसतं. वंगण एकदाच भरायचं आणि ते आतच राहील याची काळजी घ्यायची. शतकानुशतकं घालत आलेल्या वंगणाची आता राखण करायची होती, आणि दुरुस्तीच्या या इतिहासातला सर्वांत मोठा बदल तोच.

जीपमध्ये ही राखण लोखंडाने केली. पुढच्या एक्सलच्या टोकाला गोल कवच, त्याच्या आत सांधा, आणि कवचावरून सरकणाऱ्या नकलच्या कडेला लोकरीच्या नमद्याची पट्टी. धूळ या पट्टीने पुसली जायची. पाण्यापुढे मात्र तिचा टिकाव लागत नसे. चालून तापलेला एक्सल नाल्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकुंचन पावते आणि जिथे फट सापडेल तिथून पाणी आत ओढलं जातं. मग ग्रीसचं पांढरट ताक होतं आणि गोळ्यांना गंज धरतो. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात आणि पर्लकोटेला पूर आला की तालुका तुटतो. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी जवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्या भागात धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात महिनोन् महिने बाहेरच्या जगाशी संबंध उरत नसे. अशा मुलखात नमद्याच्या एका पट्टीवर किती काही अवलंबून असेल, याचा अंदाज शहरी वाहनधारकाला येणं कठीण आहे.

कवचाच्या जागी रबर मोठ्या प्रमाणावर आलं ते १९५९ सालापासून. इंग्लंडच्या मिनी मोटारीत इंजिन आडवं बसवलं होतं आणि पुढचीच चाकं गाडी ओढत होती. लहान, स्वस्त गाडीला झेप्पा जातीचा सांधा हजारोंनी लागू लागला. बर्फील्ड कंपनीने तो पुरवला आणि त्याच्यावर आला घड्यांचा रबरी बूट. एका बाजूने सांध्यावर, दुसऱ्या बाजूने शाफ्टवर, दोन्हीकडे पट्टीने आवळलेला. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं आणि उन्हाने तडकतं, म्हणून असे बूट निओप्रीनसारख्या कृत्रिम रबराचे बनू लागले.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यानंतर सव्वा वर्षाने, १४ डिसेंबर १९८३ रोजी, पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर धावणाऱ्या होत्या, त्यांच्या मेकॅनिकला क्रॉस ठाऊक होता. मारुतीने पुढच्या चाकावर धावणारी गाडी घरोघरी नेली आणि फाटका बूट ही नवीच तक्रार गॅरेजात आणली. गाडी वळताना चाकाकडून ‘कट कट कट’ असा आवाज येतो, ही या सांध्याची ओरड. ती ऐकू येते तेव्हा बूट फाटून बरेच दिवस झालेले असतात.

हे काम पाहण्यासारखं असतं. चाक काढायचं, एक्सल नटाची दुमडलेली कड छिन्नीने सरळ करायची, खालचा बॉल जॉइंट सोडवायचा आणि हब बाहेर ओढून शाफ्ट मोकळा करायचा. गिअरबॉक्सकडचं टोक पारईच्या हलक्या झटक्याने निघतं. फाटका बूट ब्लेडने कापला की आतलं ग्रीस काळं, कणीदार दिसतं. ते पेट्रोलने धुऊन सांधा उजेडात धरायचा आणि एकेक गोळी आडवी करून खाचे तपासायचे. बोटाला खळगा लागला तर बूट बदलून उपयोग नाही, सांधाच नवा घ्यावा लागतो. खाचे गुळगुळीत असतील तर मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस अंगठ्याने दाबून गोळ्यांच्या मागेपर्यंत भरायचं. मग बुटाची पट्टी आवळण्याआधी बारीक कडेखाली स्क्रू-ड्रायव्हर सरकवून आत कोंडलेली हवा सोडायची. घाईत हीच पायरी राहून जाते. हवा तशीच राहिली तर उन्हात बूट फुगतो, घड्या एकमेकींवर घासतात आणि नवा बूटही लवकर फाटतो.

शाफ्ट न काढता बसणारे जोडाचे बूटही बाजारात मिळतात. उभ्या चिरेला गोंद लावून ते बंद करायचे. पण गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या वाटेवर चिकटायला स्वच्छ, कोरडी जागा मिळायला हवी ना! तिथे सायकलची ट्यूब गुंडाळून, तारेने आवळून गाडी गावापर्यंत आणणं हाच शहाणपणा. हा उपाय पहिलं गॅरेज गाठेपर्यंतच धरायचा.

आज या भागातलं सर्वांत ओळखीचं वाहन म्हणजे जिप्सी. ताडोब्याच्या जंगलात शिकारबंदी १९३५ साली आली, राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झालं आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ साली. मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस बाजारात आली, ९७० सीसीच्या इंजिनाची. १९९६ मध्ये तिला १३०० सीसीचं इंजिन मिळालं. मोहर्ली किंवा कोलारा गेटवर पहाटे रांगेत उभ्या दिसतात त्या मुख्यतः याच जातीच्या गाड्या. जिप्सीच्या पुढच्या एक्सलमध्ये बर्फील्ड जातीचा सांधा आहे, पण रबरी घड्यांचा बूट नाही. तिने जीपचाच मार्ग धरला. लोखंडी गोळा, त्यावर रबरी सील आणि नमदा, वर गोलाकार पट्टी. सफारीत ती हळू चालते, पण सारखी वळते, मागे येते, पुन्हा वळते. ज्या गाड्यांना चाक एक्सलपासून मोकळं करणारं फ्री-व्हील हब आहे, त्यांत फोर-व्हील न लावता महिने गेले की सांधा फिरतच नाही, वंगण तळाला साचतं आणि धूळ मात्र सीलवर रोज बसत राहते. वापरात नसलेला सांधा सुरक्षित असतो, हा समज इथे खोटा ठरतो.

ताडोब्याचं कोअर क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. पुढचे एक्सल खोलायला याहून चांगला काळ नाही, कारण हब, किंगपिन बेअरिंग आणि सील ही कामं एकत्रच करावी लागतात. हब एकदा उतरवलं की स्वस्तातलं सील बदलायचं टाळणं ही निव्वळ चूक आहे.

सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. जून २०२३ मध्ये भारतात आलेल्या मारुतीच्या जिमनीच्या पुढच्या एक्सलवर तोच गोळा आणि तसंच सील आहे. दरम्यान जुन्या जिप्सी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहतात. घेताना जाणकार इंजिनाकडे नंतर बघतो. आधी स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवून चाकामागे वाकतो. गोळ्यावर ग्रीसचा पातळ, सारखा थर असेल तर सील धरून आहे. टायरच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे असतील तर सील गेलं आहे, पण सांधा वाचलेला असू शकतो. आणि गोळा कोरडा, तांबूस, ओरखडलेला दिसला की तो मालकाला दोन्ही बाजूंच्या एक्सलचा खर्च किमतीतून वजा करायला सांगतो.