राणी गेली, बाहुली उरली

आजोबांची पेटी आम्ही कापडात गुंडाळून माळ्यावर जपून ठेवली होती. वर्षांनी काढली, तर भाता कुजलेला. तेव्हापासून पॅरिसच्या कला व तंत्र संग्रहालयातली ती बाहुली मला वारंवार आठवते.

तिच्यासमोर आपल्या संतूरच्या कुळातले वाद्य आहे. किल्ली दिली की मान हलते, डोळे फिरतात आणि तिचे हात खरोखरच तारांवर हातोड्या मारतात. आठ धुना आतल्या पितळी दंडगोलावरच्या खुंट्यांत साठवलेल्या आहेत. जर्मन कारागीर किंट्झिंग आणि रोएंटगेन यांनी ती घडवली. राणी मारी आंत्वानेतने ती घेतली आणि १७८५ मध्ये विज्ञान अकादमीला दिली. १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला, बाहुली वाचली. १८६४ मध्ये रोबेर-उदँ या घड्याळजी जादूगाराने तिची दुरुस्ती केली.

अशा बाहुल्या रोज चालवल्या तर दाते, खुंट्या झिजतात. मुळीच चालवल्या नाहीत तर वंगण घट्ट होऊन यंत्र आखडते. म्हणून जाणकार त्या क्वचित, पण जपून चालवतात.

आमची पेटीही वर्षातून एकदा, निदान चवथीच्या आरतीला, वाजायला हवी होती.