व्यसनाची पारख

ताप अंगाला हात लावला की कळतो. खरूज डोळ्यांना दिसते. पण व्यसन कसे ओळखावे? गावात कोण चिलीम ओढतो हे पारावर सर्वांना ठाऊक असते. ती चिलीम त्याला सोडता येईल की नाही, हे मात्र पुष्कळदा त्याच्या घरच्यांनाही सांगता येत नाही. चिनी भाषेत तलफेला ‘यिन’ म्हणतात. हा शब्द लिहिताना रोगाचे चिन्ह काढतात आणि त्याच्या आत एक अक्षर बसवतात. ते अक्षर उच्चारासाठी घेतलेले असले, तरी त्याचा स्वतंत्र अर्थ आहे ‘लपलेले’. व्यसन म्हणजे लपलेला रोग! हा रोग शोधण्याची एक मोठी खटपट चिनी बोलणाऱ्या लोकांच्या इतिहासात झाली. तिची हकीकत आज ऐकण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकात चीनला अफूने ग्रासले होते. आपल्या मुंबई बंदरातून माळव्याची अफू जहाजे भरभरून तिकडे जात असे. चीनजवळच्या तैवान बेटावरही अफूच्या नळ्या घरोघर शिरल्या होत्या. 1895 साली हे बेट जपानच्या ताब्यात गेले. नव्या राज्यकर्त्यांपुढे प्रश्न पडला, की अफू एकदम बंद केली तर जुन्या व्यसनी माणसांचे काय? म्हणून 1897 साली कायदा झाला. डॉक्टरने तपासून ‘हा खरा व्यसनी’ असा दाखला द्यावा, मग सरकारने परवाना द्यावा, आणि परवानेवाल्यानेच सरकारी अफू घ्यावी. 1900 सालापर्यंत असे सुमारे 1 लाख 69 हजार परवाने दिले गेले.

तुम्ही म्हणाल, यात वावगे काय? व्यसनी मोजले गेले, हे तर चांगलेच झाले. पण बघा, जो मोजत होता तोच अफू विकत होता. सुरुवातीच्या वर्षांत सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा या अफूचा होता. आणि ज्याला परवाना मिळाला नाही, तो चोरून ओढू लागला. 1929-30 च्या सुमारास सरकारने पुन्हा अर्ज मागवले, तेव्हा बिनपरवाना ओढणारे सुमारे 25 हजार लोक पुढे आले! इतकी वर्षे ही माणसे होती कुठे? ती होती तिथेच होती. पुढे येण्यात काही लाभ आहे, असे प्रथमच त्यांना वाटले.

या नव्या परवान्यांना तैवानच्या लोकांनी विरोध केला. च्यांग वेइ-श्वेइ या डॉक्टर पुढाऱ्याच्या पक्षाने 1930 च्या जानेवारीत थेट जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे तार केली. राष्ट्रसंघाचे मंडळ त्याच सुमारास बेटावर येऊन गेले. त्याच वर्षी तायपेई शहरात व्यसनी लोकांसाठी खास रुग्णालय सुरू झाले. तेथील कारभार डॉ. दू त्सुंग-मिंग यांच्याकडे होता. डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले तैवानी वैद्य. ते व्यसन एकदम तोडत नसत. औषधाची मात्रा थोडीथोडी उतरवीत नेत. पण रोगी चोरून ओढतो की काय, हे कसे कळावे? त्यासाठी त्यांनी लघवीतून मॉर्फिन ओळखण्याची रीत बसवली. व्यसनाच्या तपासणीच्या इतिहासात ही फार पुढची मजल होती. या रुग्णालयात हजारो माणसे बरी झाली. 1946 साली शेवटचा अफूबाज घरी गेला.

आता अफूकडून गांजाकडे वळू. गांजाच्या बाबतीत लघवीची परीक्षा अपुरी पडते. गांजाचा अंश शरीरातील चरबीत साठतो. रोज ओढणाऱ्याने तो सोडला, तरी कित्येक आठवडे तो लघवीत सापडू शकतो. म्हणजे ‘ओढला होता’ एवढे कळते; ‘सोडवत नाही’ हे कळत नाही. त्यासाठी माणसालाच विचारावे लागते. 2010 साली प्रसिद्ध झालेली आठ प्रश्नांची एक यादी यासाठी अनेक देशांत वापरतात. किती वेळा ओढता? एकदा सुरू केल्यावर थांबता येत नाही, असे झाले का? नेमून दिलेले काम राहून गेले का? स्मरणावर परिणाम झाला का? अशा प्रश्नांना गुण असतात. एकूण 32 पैकी 8 झाले तर सावध व्हावे, 12 झाले तर डॉक्टरने नीट तपासावे.

हे प्रश्न चिनी भाषेत नेणे सोपे नाही, बरं का. आपल्याकडे भांग, गांजा, चरस असे निराळे शब्द आहेत. चिनी भाषेत गांजाला ‘दा-मा’ म्हणतात, आणि ज्या झाडाच्या वाखाचे कापड विणतात, ज्याचे बी वैद्य औषधात घालतात, त्याचेही नाव तेच. तेव्हा कोणते ‘दा-मा’, हे प्रश्नातच स्पष्ट करावे लागते. म्हणूनच असे भाषांतर झाले की दुसऱ्याकडून ते उलट मूळ भाषेत करवून घेतात आणि अर्थ जुळतो का ते पाहतात.

शब्द जुळले तरी भीती उरतेच. कॅनडात 2018 पासून प्रौढ माणसाने गांजा ओढणे कायदेशीर आहे. सिंगापुरात तो गुन्हा आहे. तेथील नागरिकाने परदेशात ओढला तरीही गुन्हाच. टोरांटोतला चिनी तरुण आणि सिंगापुरातला चिनी तरुण यांच्यापुढे एकच प्रश्न एकाच लिपीत ठेवला, तरी दोघे सारखेच मोकळेपणाने उत्तर देतील काय? तैवानचे ते 25 हजार लोक आठवा. विचारणाऱ्याच्या हाती दंडुका आहे की औषध, हे पाहूनच माणूस तोंड उघडतो.

शिक्षक बंधुभगिनींनी यातून एवढे घ्यावे. शाळेतल्या एखाद्या मोठ्या मुलाविषयी शंका आली, तर चारचौघांत त्याची झडती घेऊ नका. त्याला बाजूला बसवा. तो जे सांगेल ते कोणाला कळेल, कोणाला कळणार नाही आणि पुढे काय केले जाईल, हे आधी त्याला खरेखरे सांगा. प्रश्न त्यानंतर विचारा.